कपातीचा कागद

धकाते बाबू खुर्चीवर बसलेले मी सहा वर्षांत फार तर सात-आठ वेळा पाहिले असतील. खुर्ची त्यांना होती, चांगली हातांची, गादी घातलेली. तिच्यावर फायली बसायच्या आणि बाबू टेबलाभोवती फिरत असायचे. बेरीज करायची तरी हा माणूस चालत करायचा. हातात कागद, कानामागे पेन्सिल, खिडकीपासून कपाटापर्यंत आठ पावलं, परत आठ पावलं, आणि ओठातल्या ओठात आकडे. मी कोराडीकडच्या कार्यालयातून बदलून आले तेव्हा पहिल्या दिवशी मला वाटलं, यांचं पोट बिघडलेलं दिसतंय. दुसऱ्या दिवशी डोकं दुखायला लागलं, माझं. आठवड्याभरानं मी सांगून टाकलं, "बाबू, तुम्ही बसा, नाहीतर मी उठून जाते."

ते थांबले. म्हणाले, "मॅडम, मी बसलो का मले झोप येते. झोपेत बेरीज चुकते. अन् इथी बेरीज चुकली का कोणाच्या तरी पोटावर पाय पडते." आणि पुन्हा चालायला लागले.

आमचं कार्यालय नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये. जिल्ह्यातली मुलींची चार सरकारी वसतिगृहं आमच्याकडे होती. मुलींचं राहणं, जेवण, गाद्या, पंखे, सगळं. लेखा शाखेत आम्ही दोघंच. बाबू वरिष्ठ, मी त्यांच्या हाताखाली, वयानं आठ वर्षांनी लहान आणि स्वभावानं त्यांच्या अगदी उलट. मला एकदा बसले की उठायचा कंटाळा येतो.

बाबू मूळचे उमरेडचे, विणकरांच्या घरातले. नागपुरात तांडापेठेत त्यांचं घर होतं, अर्धवट बांधलेलं. वरच्या खोलीच्या भिंती उभ्या होत्या, छत नव्हतं, आणि कोपऱ्यांतून लोखंडी सळया वर आलेल्या. स्लॅब निवृत्तीच्या पैशातून पडणार, असं ते सगळ्यांना सांगायचे. अंगानं काटकुळे, मे महिन्यातसुद्धा पूर्ण बाह्यांचा शर्ट, बटण मनगटापर्यंत लावलेलं. त्यांच्या समाजाचं नाव निघालं की कार्यालयातल्या लोकांच्या जिभेला झणझणीत सावजी रश्श्याची आठवण येऊन पाणी सुटायचं. "बाबू, कधी घरी बोलावता?" असं दर महिन्याला कोणीतरी विचारायचं. बाबू स्वतः रोज दहीभात खायचे, तोही उभ्यानं, खिडकीच्या कठड्यावर डबा ठेवून. तिखटानं त्यांच्या पोटात आग पडायची. एवढ्या एका बाबतीत ते समाजाला लाजवतात, असं त्यांची बायको म्हणायची म्हणे.

आता आमच्या धंद्याची एक रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. सरकार दरवर्षी प्रत्येक कार्यालयाला कळवतं, की अमक्या कामावर इतकाच खर्च करायचा, वर एक रुपया नाही. ही झाली खर्चमर्यादा. खर्च ज्या नावाखाली लिहायचा त्या नावाला आम्ही शीर्ष म्हणतो. आहार एक शीर्ष, वीज एक, दुरुस्ती एक. प्रत्येकाला आपापली मर्यादा. आणि आमच्याकडची न लिहिलेली पद्धत अशी, की मागायचं ते दीडपट मागायचं, कारण वर कापतातच; आणि हातात आलेलं काही सोडायचं नाही, कारण सोडलेलं परत मिळत नाही. सगळी कार्यालयं असंच करतात, वरच्यांनाही ते माहीत असतं, म्हणून ते आणखी कापतात, म्हणून आम्ही आणखी मागतो.

बाबू जेवढं लागेल तेवढंच मागायचे. पंख्यांना तीन हजार लागणार असतील तर तीन हजार. वरून कापून दोन हजार आले, की मग कपाटापर्यंतच्या फेऱ्या वाढायच्या, पत्रांवर पत्रं जायची, फोन व्हायचे. शेवटी वरचे लोक कंटाळून तीन हजार करून द्यायचे. मी म्हणायचे, "पहिल्यांदाच साडेचार मागितले असते तर हा व्याप झाला नसता." ते म्हणायचे, "साडेचार लागत नव्हते ना जी."

असल्या माणसाबरोबर एका खोलीत काम करणं म्हणजे रोजची परीक्षा असते. आपण काही वाईट केलेलं नसतं, तरी संध्याकाळी घरी जाताना उगाच अपराधी वाटतं. मला त्यांचा राग यायचा. अजूनही येतो.

मग तो नियम आला. हिशेब लिहिण्याची पद्धत बदलली. तोपर्यंत वसतिगृहातल्या स्वयंपाकाच्या बायांचं मानधन आम्ही आहार शीर्षाखाली लिहायचो. तांदूळ, डाळ, तेल आणि रांधणारीचा पगार, सगळं एकाच पोत्यात. चार वसतिगृहांत मिळून अकरा बाया होत्या, सगळ्या मानधनावरच्या. नव्या नियमानं सांगितलं, की माणसाच्या श्रमाचे पैसे यापुढे कंत्राटी सेवा या शीर्षाखाली लिहायचे. नियम वाईट नव्हता. बाई ही काही तेलाचा डबा नाही. पण खर्चमर्यादा मात्र आली मागच्या वर्षीच्या खर्चावरून. मागच्या वर्षी कंत्राटी सेवेखाली आमचा खर्च होता एक नळवाला आणि एक वायरमन, तोही कधीमधी. म्हणजे अकरा बायांचं वर्षाचं मानधन आता अशा शीर्षात जाणार होतं, ज्याची मर्यादा त्यांच्या चार दिवसांच्या पैशालाही पुरली नसती. उलट आहाराची मर्यादा मोठीच्या मोठी पडून होती. सरकारचा एक रुपया वाढला नव्हता आणि एक कमी झाला नव्हता. नुसती जागा बदलली होती.

हे परिपत्रक आमच्याकडे सगळ्यांनी वाचलं आणि फाईलला लावलं. बाबूंनी वाचलं आणि चालायला लागले. त्या दिवशी त्यांच्या फेऱ्या खोलीत मावेनात, ते व्हरांड्यात गेले. तासाभरानं वानकर साहेबांच्या खोलीत शिरले आणि मलाही हाक मारली. वानकर साहेब तेव्हा नवे होते, तरुण, हुशार, आणि लेखा हा विषय निघाला की घड्याळाकडे बघणारे.

"साहेब," बाबू म्हणाले, "मर्यादा बदलून घ्या लागते."

"नियम नुकताच आलाय, बाबू. पाहू ना पुढे."

"पुढं नाही पाहता येत. साहेब, माहा बाप उमरेडले मागावर लुगडे विणत होता. सोसायटी सूत द्यायची. शंभर वार कापड झालं का मजुरी भेटायची. मंग मीटर आलं. सोसायटीच्या बाबूनं रजिस्टरमंदी वार खोडून मीटर लिहिलं. शंभर तसंच ठेवलं."

साहेबांना काही उमगलं नाही. मलाही.

"मीटर वारापेक्षा मोठा असते, साहेब. शंभरामागं नऊ वार जास्त. म्हणजे दर शंभरामागं एक अख्खं नऊवारी लुगडं माहा बाप फुकटात विणत होता. बाबूनं काही चोरलं नव्हतं. त्यानं फक्त आकडा बदलला नाही."

"मग काय झालं?"

"काय होईन? कोणाच्या ध्यानातच आलं नाही दोन वर्षं. आई म्हणे, हल्ली तुमचा हात हळू चालते." बाबू साहेबांच्या टेबलाला एक वळसा घालून आले. "माप बदललं का आकडा बदलाचा असते, येवढंच सांगून राहिलो."

साहेब हुशार होते म्हटलं ना, ते पटकन समजले. करा प्रस्ताव, म्हणाले. आहाराच्या मर्यादेतून अकरा बायांचं मानधन कमी करायचं, तेवढंच कंत्राटी सेवेच्या मर्यादेत वाढवायचं. बेरीज तीच. यात कोणाचं काय जाणार होतं?

आता संगणकावर या कामाचे दोन अर्ज होते. एक कपातीचा, एक वाढीचा. पूर्वी एकाच कागदावर डावी-उजवी बाजू लिहून पाठवायचो, ते बंद झालं होतं. मी म्हटलं, "बाबू, दोन्ही एकदमच पाठवा, म्हणजे वर जोडीनं बघतील. किंवा वाढीचा आधी पाठवा."

"नाही," ते म्हणाले. "आधी सोडाचं, मंग मागाचं. एका हातात धरून दुसऱ्या हातानं मागतलं का समोरच्याले वाटते, हा लबाड आहे."

"अहो, समोर माणूस कुठाय? मशीन आहे."

"मशीनमांगं माणूस असतेच ना."

गुरुवारी त्यांनी कपातीचा अर्ज पाठवला. शुक्रवारी वाढीचा. मी आणखी वाद घातला नाही. घालायला हवा होता, पण मला साडेपाचची बस पकडायची होती.

कपात तीन दिवसांत मंजूर झाली. आपणहून पैसे सोडणाऱ्याला कोण नाही म्हणेल? वाढ 'विचाराधीन' झाली. आठवडा गेला, दुसरा गेला, पडद्यावर तोच शब्द. आणि मधल्या काळात वरून एक पत्र आलं. ते आलं कशाचं, तर कौतुकाचं. आमच्या कार्यालयानं स्वेच्छेनं एवढी मोठी रक्कम परत केल्याबद्दल अभिनंदन, इतरांनी आदर्श घ्यावा. मासिक बैठकीत वानकर साहेबांनी ते वाचून दाखवलं. टाळ्या वाजल्या. मी बाबूंना शोधलं, तर ते दाराशी उभे होते, चपलेत अर्धा पाय, आणि चेहरा असा की एखाद्याला वाटावं, यांच्या घरून काही वाईट फोन आलाय.

जुलैअखेर बायांचं पहिलं बिल परत आलं. मर्यादा नाही. ऑगस्टचंही परत आलं. आता आहारात पैसे सोडलेले, सेवेत मिळालेले नाहीत, आणि अकरा बाया दोन्हीकडून बाहेर. बाबूंनी परत-परत पत्रं लिहिली. वरच्या कार्यालयातल्या माणसाला त्यांचा आवाज पाठ झाला होता; तो म्हणे हॅलो ऐकण्याआधीच 'विचाराधीन' म्हणायचा. बाबू रोज कोषागारात जाऊन यायचे, चालत, भर उन्हातून. तिथं जाऊन काही होणार नाही हे त्यांना माहीत होतं. पण बसवत नव्हतं. दहीभाताचा डबा न उघडता परत जायला लागला. कपाटाजवळच्या दोन फरश्या त्या महिन्यांत आणखी गुळगुळीत झाल्या, असं आमचा शिपाई शपथेवर सांगतो.

सप्टेंबरच्या सुरुवातीला आम्ही दोघं वाडीच्या वसतिगृहाच्या तपासणीला गेलो. अमरावती रोडवर, गोदामांच्या मागं, भाड्याची दुमजली इमारत. ट्रक मागं घेतानाचा तो टींटीं आवाज तिथं दिवसभर चालू असतो. तपासणी माझी होती. बाबूंचं तिथं काही काम नव्हतं, ते नुसते बरोबर आले. आल्या-आल्या सरळ स्वयंपाकघरात गेले. सुमनबाई मोठ्या पातेल्यात वरण घोटत होत्या. पन्नाशीच्या, भक्कम, डोक्याला ओढणी बांधलेली. त्यांच्याबरोबरची विमल कणीक मळत होती. ही तिशीची, बारीक, एक मुलगी पदरात, नवरा असून नसल्यासारखा. जवळच एका खोलीत भाड्यानं राहायची.

"सुमनबाई," बाबू म्हणाले, "तुमचे पैसे माह्या चुकीनं अडकले."

सुमनबाईंनी रवी थांबवली नाही. "चूक झाली तं दुरुस्त करा ना जी. मले काहून सांगून राहिले?"

"दुरुस्ती माह्या हातात नाही राहिली. म्हणून सांगतो. तुमाले वाटन, सरकारनं पैसे खाल्ले. तसं नाही. मी सोडाचा कागद आधी पाठवला, मागाचा मागून."

"असं," त्या म्हणाल्या. "आमी तं म्हणलं, सायेबाच्या मनात आमाले काढाचं आहे."

विमलनं हाताला लागलेली कणीक सोडवत विचारलं, "बाबू, येतीन का पैसे? तारीख सांगा. घरमालक दोन महिने थांबला, आता थांबत नाही म्हणते."

खोटी तारीख सांगायला काय जात होतं? मी असते तर 'पंधरा दिवसांत' म्हटलं असतं. ते म्हणाले, "माहीत नाही, बाई."

पुढच्या सोमवारी विमल आली नाही. मागच्याच एका गोदामात खोके पॅक करायच्या कामाला लागली; तिथं शनिवारी रोख पैसे मिळायचे. सुमनबाईंनी फोनवर हे मला सांगितलं आणि मी बाबूंना. ते फिरत होते. ऐकल्यावर खुर्चीवरच्या फायली उचलून खाली ठेवल्या आणि बसले. मी पाहिलेल्या सात-आठ वेळांपैकी ही एक. पाच मिनिटं बसले असतील. मला त्यांच्याकडे बघवेना.

त्याच दुपारी वानकर साहेबांनी रस्ता काढला. रस्ता नवा नव्हता. आहाराच्या मर्यादेत मुलींच्या जेवणाचे पैसे अजून होते. बायांचं मानधन भाजीपाला म्हणून दाखवायचं. इतवारीतला आमचा किराणावाला बिल देईल, पैसे त्याच्याकडे जातील, तो बायांना रोख देईल. असं होतं हो, सगळीकडे होतं. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनाही त्या बायांची काळजी वाटत होती, हे मी लिहून ठेवते.

"म्हणजे विमल भेंडी झाली अन् सुमनबाई भोपळा," बाबू म्हणाले.

"बाबू, चेष्टा नको. दुसरा मार्ग असेल तर सांगा."

बाबूंनी दुसरा मार्ग सांगितला. बिल आहार शीर्षाखालीच काढायचं, नियमाविरुद्ध, पण त्यावर नाव खरं लिहायचं: स्वयंपाकी महिलांचे मानधन. संगणक शीर्ष बघतो, मर्यादा बघतो, तपशील वाचत नाही. बिल पास होईल. आहाराचे पैसे फेब्रुवारीपर्यंत पुरतील, त्यांनी हिशेब केला होता. तोवर वाढ मंजूर झाली नाही तर मुलींच्या ताटातलं कमी होईल, हेही त्यांनी सांगितलं. साहेब डोक्याला हात लावून बसले.

"भाजी लिहिली तर कोणी कधी विचारणार नाही. हे लिहिलं तर लेखापरीक्षणात पहिल्या दिवशी सापडेल."

"सापडूच द्या. सापडलं तं विचारतीन. विचारलं तं सांगता येते."

"आणि तुमची निवृत्ती दोन महिन्यांवर आलीय."

"ते मले माहीत आहे, साहेब."

बाबूंनी टिप्पणी लिहिली. उभ्यानं, कपाटाच्या सपाट बाजूवर कागद ठेवून. त्यात सगळं होतं: नियम काय, मर्यादा का बदलायला हवी होती, कपात कधी मंजूर झाली, वाढ का अडली, आणि शेवटी, 'हा खर्च चुकीच्या शीर्षाखाली टाकत आहे याची मला पूर्ण जाणीव आहे. जबाबदारी माझी.' साहेबांनी खाली सही केली आणि सहीवर दोनच शब्द लिहिले, 'टिप्पणीप्रमाणे मंजूर'. एवढ्या दोन शब्दांत जबाबदारी टिप्पणी लिहिणाऱ्यावर राहिली आणि ते कडेला उभे राहिले. मी त्यांना दोष देत नाही. माझ्याकडे ती फाईल सहीला आली असती तर मी आजारपणाची रजा टाकली असती.

दहा बायांना दोन महिन्यांचे पैसे मिळाले. विमलचे काम केलेल्या दिवसांचे काढले, तेही तिच्या गोदामाच्या फाटकाशी बाबू स्वतः जाऊन सांगून आले. परत ये म्हणाले. ती म्हणाली, "बाबू, तिकडं उद्याचं सांगता येते का?"

ऑक्टोबरअखेर ते निवृत्त झाले. शाल, नारळ, भाषणं. बाबू पूर्ण वेळ उभे. डिसेंबरात वाढ मंजूर झाली. ज्या आदेशाची आम्ही देवासारखी वाट पाहिली तो एका दुपारी पडद्यावर आला. त्यात संदर्भ बाबूंनी वरही पाठवलेल्या टिप्पणीचाच होता, शब्द न् शब्द तिथले उचललेले. कंत्राटी सेवेची मर्यादा वाढवण्यात येत आहे, सध्या कार्यरत दहा पदांसाठी, आजपासून पुढे. मागचं काही नाही; आहारातून दिलेले महिने चुकीच्याच शीर्षात राहिले. अकरावं पद कोणी रद्दही केलं नाही. ते मोजलंच गेलं नाही. मी तांडापेठेत फोन करून सांगितलं. बाबू म्हणाले, "मर्यादा आली, हे चांगलं झालं." मग विचारलं, "दहा?" आणि फोन ठेवला.

लेखापरीक्षण उन्हाळ्यात झालं. पहिल्या दिवशीच सापडलं, साहेब म्हणाले होते तसं. वानकर साहेबांची बदली झाली होती आणि त्यांच्या सहीवर ते दोन शब्द होतेच. बाबूंचे अजून हातात न पडलेले निवृत्तीचे पैसे अडकले आणि तांडापेठेतल्या सळया गंजत उभ्या राहिल्या.

चौकशीला दुसऱ्या जिल्ह्यातल्या एक अधिकारी बाई आल्या होत्या. शांत, चष्मेवाल्या, खरंच भल्या. आमच्याच खोलीत सुनावणी झाली आणि जबाब टंकायला मी होते. बाबू आले. पूर्ण बाह्या, हातात पिशवी. बसा म्हटलं तर म्हणाले, उभा बरा आहे.

अधिकारी बाईंनी फाईल मिटली आणि म्हणाल्या, "धकातेजी, मी सगळं वाचलंय. पैसे योग्य माणसांना गेलेत, हे दिसतं. तुम्ही एवढंच सांगा, की शीर्ष नजरचुकीने लिहिलं गेलं. नियम नवा होता. ताकीद देऊन प्रकरण बंद होईल, महिन्याभरात तुमचे पैसे सुटतील."

मी टंकायला बोटं उचलली सुद्धा. एक शब्द होता. सरकारी कामात दिवसाला दहा वेळा लिहितो आम्ही तो.

"नजरचूक नव्हती, मॅडम," बाबू म्हणाले. "माहीत होतं. टिप्पणीत लिहिलं आहे."

"लिहिलंय ते मी पाहिलंय. म्हणूनच विचारतेय."

"माहीत असून केलं. चूक तिथी नाही झाली. चूक मी आधी केली, ती लिहून घ्या. कपातीचा कागद मी एक दिवस आधी पाठवला. या मॅडम नको म्हणत होत्या."

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी पडद्याकडे.

"त्याबद्दल तुमच्यावर आरोपच नाही," त्या म्हणाल्या. "उलट त्याचं कौतुकाचं पत्र आहे फाईलमध्ये."

"आरोप तुमचा आहे. जबाब तं माहा आहे ना?"

बाईंनी सुस्कारा टाकला आणि मला मान हलवली. बाबू सांगत गेले, मी टंकत गेले. खिडकी ते कपाट, परत खिडकी. कपात आधी गेल्यामुळे अकरा महिलांचं मानधन दोन महिने थांबलं. त्यामुळे वाडीच्या वसतिगृहातली एक महिला काम सोडून गेली. मर्यादा वाढली ती दहा जणींसाठी. मी 'एक महिला' टंकलं आणि पुढे जाणार, तर ते माझ्या खांद्यामागे येऊन थांबले.

"नाव टाका, मॅडम. विमल."

"आडनाव?" मी विचारलं. बिलात आम्ही नुसती संख्या लिहायचो. सहा वर्षांत मला तिचं आडनाव कधी लागलं नव्हतं.

त्यांनी पूर्ण नाव सांगितलं, नवऱ्याच्या नावासकट, सावकाश, मला टंकता येईल अशा बेतानं. मग कागद छापून आला. त्यांनी तो चालत-चालत वाचला, एकदा आणि परत एकदा, कानामागची पेन्सिल काढून एका ओळीखाली बारीक टिंब दिलं, आणि टेबलावर वाकून सही केली. अधिकारी बाई म्हणाल्या, "धकातेजी, यानं तुमचं काम लांबेल हो."

"लांबन," ते म्हणाले. नमस्कार केला आणि गेले. मी उठले. मी सहसा उठत नाही, पण उठून खिडकीशी गेले. ते फाटकातून बाहेर पडत होते, झपझप, सावली सोडून उन्हाच्या बाजूनं. मी परत येऊन बसले, संगणकावर वाढीचा अर्ज उघडला, पदसंख्येच्या रकान्यात एक लिहिलं आणि कारणाच्या जागी त्या जबाबातली टिंबाची, विमलच्या नावाची ओळ जशीच्या तशी उतरवली. आता रोज सकाळी आल्यावर मी आधी ते पान उघडते. अजून विचाराधीन आहे. आणि तेवढा वेळ, खोटं कशाला सांगू, मला खुर्चीवर बसवत नाही.